म्हैस, खड्डा, वळण

सासऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून त्यांची परीक्षा घ्यायचा आगाऊपणा मी एकदाच केला.

नवरा मुंबईला नोकरीला, मी रत्नागिरीत बँकेत. दुसरीतल्या मुलीला शाळेत सोडायचं-आणायचं काम आबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. त्या महिन्यात स्कूटरच्या डाव्या अंगाला दोन ओरखडे दिसले. विचारलं तर म्हणाले, "कुंपणाच्या गडग्याला घासली असंल." मग शेजारीण म्हणाली, "आबा परवा अगदी समोरून गेले, पण ओळख काय दाखवली नाय गो." माझ्या मनात पाल चुकचुकली. नवऱ्याला फोन केला तर म्हणे, "आबा चाळीस वर्षं गाडी चालवतायत." मुंबईत बसून बोलायला काय जातं! त्या गाडीवर पुढे माझी मुलगी उभी असते.

मी ठरवलं, स्वतः बघायचं आणि गरज वाटली तर त्याच दिवशी किल्ली काढून घ्यायची.

"माझी गाडी पंक्चर झालीय, आज मलाही सोडा," मी थाप मारली.

"बस की," आबा म्हणाले. मुलीचा चेहरा मात्र उतरला. "आई, तू रिक्षाने जा ना."

मला रागच आला. आजोबांशी एवढी गट्टी की आई नकोशी व्हावी?

ती नेहमीसारखी पुढे उभी राहिली. मी मागे, पर्स पोटाशी आवळून. आबांनी चढ नीट चढवला. खड्डा चुकवला. रस्त्यात बसलेल्या म्हशीला व्यवस्थित वळसा घातला. माझा जीव हळूहळू भांड्यात पडत होता. पुढे मुलगी काहीतरी पुटपुटत होती. पाढे म्हणत असेल, असं वाटलं.

उतार लागला. खालच्या वळणावरून चिऱ्यांनी भरलेला ट्रक वर येत होता. नेमकं तेव्हाच मला आठवलं. "अगं, पाण्याची बाटली घेतलीस का?"

तिने मान मागे वळवली. "घेतली."

रस्ता वळला, स्कूटर वळली नाही. ट्रकचं तोंड समोर आलं. मुलगी किंचाळली, "आबा, डावीकडे!" आबांनी हँडल फिरवलं, ब्रेक दाबला आणि आम्ही कडेच्या गवतात घुसलो. गडगा वीतभर लांब होता. ट्रकवाला शिव्या देत निघून गेला.

आबांवर ओरडायला मी तोंड उघडलं, तर मुलगीच माझ्यावर ओरडली, "तू मध्ये बोलू नको ना! मी सांगितलं नाय तर आबांना कसं कळणार?"

म्हणजे ते पाढे नव्हते. म्हैस, खड्डा, वळण. माझी सात वर्षांची मुलगी रोज त्यांना रस्ता सांगत होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

आबा खाली बघत म्हणाले, "गणपतीपासनं धुरकट दिसतंय. तिला ओरडू नको गो. आईला सांगू नको, असं मीच बोललो होतो. हे पण गेलं तर घरात मला दुसरं काम काय?"

"पोरीचा जीव गेला असता, आबा!"

त्यांनी किल्ली काढून पुढे केली. मी ती पर्समध्ये टाकली. त्यांचा संताप येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण एका घरात राहून मला काही दिसलं नव्हतं.

"आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हणाले. "गाडी बंद. उद्यापासून अर्धा तास आधी निघायचं आणि कडेकडेने चालत जायचं."

"म्हणजे सोडायला मीच जायचं?"

मी नुसती मान हलवली. आबा उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले, उत्तराची वाट बघत.

मुलीने त्यांचं बोट धरलं.

"आई हो म्हणतेय, आबा."