खुलताबादच्या घाटातला थोर ब्रिटिश सायकलपटू

जुलैत फ्रान्समधली ती तीन आठवड्यांची शर्यत टीव्हीवर सुरू झाली की आमच्या रविवारच्या सायकल मंडळात फूट पडायची. एरवी आम्ही एकोप्यानं राहणारी माणसं. पहाटे क्रांती चौकात जमायचं, छावणी, पडेगाव, मिटमिटा करत दौलताबाद गाठायचं आणि किल्ल्याच्या पायथ्याशी चहा प्यायचा. ज्यांच्यात दम आहे त्यांनी पुढं घाट चढून खुलताबादला जायचं, उरलेल्यांनी त्यांच्या पिशव्या सांभाळत दुसरा चहा घ्यायचा. पण त्या तीन आठवड्यांत चहा कपातच थंड व्हायचा. प्रश्न एकच: ब्रिटिशांमधला रस्त्यावरचा सगळ्यात थोर सायकलपटू कोण?

ब्रिटिशच का, असं एका नव्या सभासदानं विचारलं होतं. त्याचं उत्तर असं की फ्रेंच आणि इटालियन लोकांबद्दल भांडायला माहिती लागते. ब्रिटिशांबद्दल बोलायला आपल्याकडे कधीच माहिती लागलेली नाही. शिवाय आमच्या मराठवाड्यावर राज्य निजामाचं. इंग्रज छावणीत राहून कवायती करत, त्यापलीकडे आमच्या वाटेला फार गेले नाहीत. त्यामुळे पुण्या-मुंबईकडच्यांना असतो तसा त्यांच्याबद्दल आम्हाला राग नाही. लांबच्या पाहुण्याबद्दल वाटतं तेवढं कुतूहल मात्र आहे.

सायकलपटूंची नावं कुणी घेत नसे. प्रत्येकाचा उच्चार निराळा, आणि मूळ भांडणाआधी त्याचंच भांडण व्हायचं. म्हणून एकाला आम्ही डोंगरवाला म्हणायचो. हा आल्प्स चढून अख्खी शर्यत जिंकणारा. दुसरा फिनिशवाला. हा सपाट रस्त्यावर सगळ्या घोळक्याच्या मागं लपून राहायचा आणि शेवटच्या काहीशे मीटरवर असा सुटायचा की टीव्हीसमोर बसलेली माणसं उभी राहायची. माझं मत एका जुन्या काळातल्या बाईला होतं. घर आणि काम सांभाळून ती सुट्टीच्या दिवशी शर्यती जिंकायची, आणि कधीकधी पुरुषांनाही मागं टाकायची. पण माझ्या पक्षात मी एकटाच होतो. "महिलांचा विषय आपण स्वतंत्रपणे घेऊ," असं अध्यक्ष दरवर्षी म्हणायचे.

अध्यक्ष म्हणजे सर. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि मंडळाचे संस्थापक-अध्यक्ष. दुसरा कुणी अध्यक्ष झालेलाच नव्हता, त्यामुळे 'संस्थापक' या शब्दाची तशी गरज नव्हती. पण तो जर्सीवर छापलेला होता. सर डोंगरवाल्याचे. फिनिशवाल्याचे वकील होते आमचे दाजी. दाजींचं मोंढ्यात बी-बियाणांचं दुकान. माणूस गंगापूरकडचा, शेतकरी घरातला, अंगानं भरदार. त्यांची सासरवाडी फर्दापूरची. तिथला मेहुणा दुकानात येऊन सगळ्यांसमोर त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पिशव्या सांभाळत दुसरा चहा घेणाऱ्यांत दाजी पहिले. घाट त्यांनी पाय न टेकता कधी चढलेला नव्हता.

त्या वर्षी सरांनी जाहीर केलं की दसऱ्यानंतर मंडळ सायकलींवरून फर्दापूरला जाणार, मुक्काम करणार, जवळची अजिंठ्याची लेणी पाहणार आणि दुसऱ्या दिवशी परतणार. दाजींनी तिथल्या तिथं सासरवाडीला फोन लावला.

"यंदा सायकलवर येतोय म्हणावं!"

फोनमधला मेहुण्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "सायकल टेम्पोत टाकून का दाजी?"

दाजी हसले, पण फोन खिशात टाकताना त्यांचे कान लाल झाले होते. आणि त्याच वेळी सर म्हणाले, "एक अट आहे. मोहीम गंभीर आहे. खुलताबादचा घाट वेळेत चढेल त्यालाच नेणार. बाकीच्यांनी बसनं यावं."

जावयानं सासरवाडीला बसनं उतरायचं, आणि तेही सायकलवर येतो म्हणून सांगितल्यावर! दाजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"वेळेत म्हंजी किती वेळात, सर?"

"ते मंडळ ठरवेल."

"मंडळ कशाला? तिकडं नियम हाय की. पहिल्याला जेवढा वेळ लागतो, त्याच्यावर थोडी सवलत. त्याच्या आत आला तर ऱ्हायला, नाय तर दुसऱ्या दिवशी घरी. आन् सर, म्हणून तर मी म्हणतोय, माझा फिनिशवाला थोर!"

"याचा त्याच्याशी काय संबंध?"

"लई संबंध हाय. तुमचा डोंगरवाला बघा, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीवानी. जरा वारं आलं तरी वर जाईल त्यो. माझ्या गड्याच्या मांड्या बघा. एवढं ओझं घेऊन त्यो आल्प्स चढतो. कशापायी? जिंकायला नाय. फकस्त वेळेत पोचायला! सगळे पुढं गेलेले, मागं ऱ्हायलेल्यांना उचलणारी गाडी आलेली, आन् ह्यो रडत-कढत वर येतोय, का तर उद्या सपाट रस्ता हाय. जो डोंगरासाठीच जन्मला त्यानं डोंगर चढला, ह्याच्यात कसली थोरवी?"

मुद्दा बिनतोड होता. मी माझ्या बाईंना क्षणभर विसरलो.

वाळूजच्या कंपनीतला आमचा इंजिनिअर खो-खो हसत होता. बजाजनगरला राहणारा हा सडपातळ पोरगा मंडळात सगळ्यात वेगवान, आणि अर्थातच डोंगरवाल्याच्या पक्षातला. "काका, बोलणं सोपं आहे. चढून दाखवा ना."

"दाखवतो!" दाजी म्हणाले. "पण नियम तिकडचा."

सर उभे राहिले. उभं राहिल्यावर त्यांचं बोलणं आपोआप ठरावाच्या भाषेत जायचं. "मान्य. पहिल्याच्या वेळेच्या सव्वापट. पाय टेकायचा नाही. दाजी वेळेत आले, तर ते फर्दापूरला येतील, आणि फिनिशवाला थोर असं मी स्वतः माइकवरून सांगेन."

माइक हा शब्द ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. पुढच्या रविवारी दौलताबादला पोचलो तर साध्या घाटचढाईचा समारंभ झालेला. फ्लेक्स होता, त्यावर सर होते. भोंगा लावलेली रिक्षा होती. शहरातले एक प्रतिष्ठित गृहस्थ प्रमुख पाहुणे म्हणून पांढऱ्या गाडीतून आले होते. त्यांनी नारळ फोडला, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, आणि सत्काराला उत्तर म्हणून त्यांनी सायकलमुळे बालपण कसं आठवतं ते सांगितलं. तेवढ्यात ऊन वर आलं. दाजी झाडाखाली पाण्याची बाटली कुरवाळत उभे होते.

"नर्व्हस झालात का?" मी विचारलं.

"नाय हो. मेहुण्याला व्हिडिओ कॉल करायचा का नको, त्येचा इचार करतोय."

सरांनी कार्यक्रम समजावून सांगितला. वर, कागजीपुऱ्याच्या अलीकडे, रिबन बांधली आहे. ती प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते कापली जाईल. कापण्याआधी कुणीही ओलांडायची नाही. फोटोग्राफर सांगितलेला आहे. रिबन ओलांडली की वेळ धरली जाईल. आणि तिकडच्या शर्यतीत असते तशी आपल्याकडेही मागून गाडी असेल. तिच्यात प्रमुख पाहुणे बसतील, आणि शेवटच्या स्पर्धकाच्या मागं राहून त्याचा उत्साह वाढवतील. गाडीनं कुणालाही ओव्हरटेक करू नये, अशी ड्रायव्हरला सक्त ताकीद आहे.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. सर माइकच्या रिक्षातून पुढं गेले आणि झेंडी पडली.

इंजिनिअर सुटला तो किल्ल्याच्या दरवाजातून पार दिसेनासाच झाला. बाकीचे त्याच्यामागं. मी दाजींबरोबर राहिलो. त्याला मैत्रीही म्हणता येईल आणि माझ्या गुडघ्यांची अवस्थाही. दरवाजापाशी वेरूळला जाणाऱ्या पर्यटकांच्या बसगाड्यांची कोंडी होती, तिच्यातून आम्ही कडेकडेनं निसटलो, आणि चढ लागला.

घाट मी पूर्वी अनेकदा चढलो होतो, पण असा कधीच नाही. दाजी पहिल्याच वळणाला नागमोडी जाऊ लागले. रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला, त्या कडेहून या कडेला. तोंड उघडं, टोपीखालून घामाच्या धारा. कठड्यावर बसलेली वानरं खाणं थांबवून बघत होती. मागं पांढरी गाडी बैलगाडीच्या चालीनं येत होती. अधूनमधून खिडकीतून प्रमुख पाहुण्यांचा हात बाहेर यायचा आणि हवेत हलायचा. तो उत्साह वाढवणारा हात होता.

"दाजी, बोलू नका. श्वास घ्या."

"बोल... बोललो नाय... तर... झोपीन!"

दुसऱ्या वळणावर चढ जास्तच उभा राहतो. दाजींची सायकल जवळजवळ थांबली. पुढचं चाक उजवीकडं वळलं, डावीकडं वळलं, आणि मला वाटलं, गेलं फर्दापूर, आता पाय टेकणार. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. पण फिनिशवाल्याचा, आल्प्सचा आणि मेहुण्याचा त्यात उल्लेख होता. समोरून येणाऱ्या रिक्षातल्या माणसांनी डोकी बाहेर काढली. "हौ चचा, शाब्बास! रुकना नक्को!" दाजींनी खाली मान घातली आणि असा एक पायडल मारला की चेन करकरली. चाक सरळ झालं. वळण मागं पडलं!

मी घड्याळ बघायचं टाळत होतो. शेवटी बघितलं, आणि माझा सगळा जोर उतरला. इंजिनिअर एव्हाना केव्हाच पोचला असणार. सव्वापट सोडा, दुप्पट वेळही उलटून गेला असणार. दाजींना हे सांगावं की नाही? मी सांगितलं नाही. पाय न टेकता चढणं ही गोष्ट तरी त्यांच्या नावावर लागू दे.

शेवटचं वळण घेतलं आणि समोर विचित्र दृश्य दिसलं. अख्खं मंडळ रिबनीच्या अलीकडे उभं होतं. रिबनीसमोर सगळ्यात पुढं इंजिनिअर, एक पाय जमिनीवर, चेहरा रागानं काळवंडलेला. त्याच्यापुढं दोन्ही हात आडवे पसरून सर. आणि सरांच्या मागं कॅमेरा रोखून फोटोग्राफर.

"सर, मी कधीचा आलोय!" इंजिनिअर ओरडत होता. "जाऊ द्या ना!"

"पाहुणे आल्याशिवाय रिबन नाही. कार्यक्रमपत्रिका आहे."

"पण पाहुणे कुठायत?"

मी मागं वळून पाहिलं. पांढरी गाडी शिस्तीत दाजींच्या मागं येत होती. ओव्हरटेक करायची नाही, अशी ताकीद होती ना! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रिबन कापणारा माणूस सरांनी शेवटच्या सायकलीच्या मागं बसवला होता. शेवटचा माणूस वर आल्याशिवाय जगातला कुणीही पहिला येऊच शकत नव्हता.

दाजी आले, घोळक्यात घुसले आणि इंजिनिअरच्या शेजारी थांबले. पाहुणे उतरले, कात्री आली, फोटो निघाला, रिबन कापली, टाळ्या झाल्या. दाजींना पाय टेकायची गरजच पडली नाही. ते इंजिनिअरच्या खांद्यावर हात ठेवून सायकलवर तोलून बसले होते, आणि त्याच्याच बरोबर त्यांनी रेषा ओलांडली.

मग जो गदारोळ उसळला तो मला अजून ऐकू येतो.

"दाजी वेळेत!" मी ओरडलो. "पहिल्याच्याच वेळेत!"

"हे ग्राह्य नाही," सर म्हणाले. "हा तांत्रिक घोटाळा आहे."

"घोटाळा कुणी केला, सर?" कुणीतरी मागून विचारलं.

"रिबन ओलांडली की वेळ धरायची, हे तुमचंच वाक्य," मी म्हणालो. "आणि तिकडचा नियम असाही आहे की एका घोळक्यात आले, तर सगळ्यांना एकच वेळ."

सर इंजिनिअरकडे वळले. पोरगा एवढा चिडलेला, की आता हा दाजींना बाद करणार असं मला वाटलं. त्याच्या एका शब्दावर सगळं होतं. त्यानं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या दाजींच्या हाताकडे.

"काका, खरं सांगा. पाय टेकला?"

"तुझ्या गळ्याची आन. नाय!"

इंजिनिअर हसला. "मग झालं. माझी वेळ तीच काकांची वेळ. सर, माइक."

सरांनी माइक हातात घेतला. फिनिशवाला थोर, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. सरांनी त्यासाठी ब्रिटिश संसदीय परंपरेपासून सुरुवात केली. पण बोलले. त्यानंतर प्रमुख पाहुण्यांनी दोन्हीही सायकलपटू थोर असून शहराला सायकल ट्रॅक मिळालाच पाहिजे, असं सांगितलं. तिसऱ्या नावाबद्दल कुणी बोललं नाही, आणि त्या दिवशी मलाही तक्रार नव्हती.

दाजी कठड्यावर बसून व्हिडिओ कॉलवर मेहुण्याला घाट दाखवत होते. सर त्यांच्यापाशी आले, आणि आवाजात जेवढी अध्यक्षीय थंडी आणता येईल तेवढी आणून म्हणाले, "ठीक आहे दाजी, तुम्ही मोहिमेत आहात. पण एक लक्षात ठेवा. फर्दापूरला जाताना अजिंठ्याचा घाट उतरायचा असतो. दुसऱ्या दिवशी येताना तोच चढायचा आहे. त्याचं काय?"

"येतानाचं मला कशाला इचारता, सर?" दाजी म्हणाले. त्यांनी मोबाइल सरांकडे वळवला. पडद्यावर मेहुणा आणि त्याच्यामागं अर्धी सासरवाडी दाटीवाटीनं उभी होती. "जावई हाय मी. सोडायला येतील की!"