दगड घरच्याने मांडायचा

पुणे स्थानक सोडले तेव्हा आम्ही सात जण होतो: माझी नात रोहिणी, तिच्या गिर्यारोहण मंडळातले पाच तरुण आणि मी. त्यांच्या पाठीवर सॅक होत्या, माझ्या हातात पत्र्याची पेटी. साल १९८५, महिना जानेवारी. मुलांना बल्लारशाहमार्गे रेल्वेने दक्षिणेकडे जायचे होते. रोहिणीने त्यातले चार दिवस मागून घेतले होते. एटापल्लीपलीकडच्या रानात तिचे वडील वारले होते. ती जागा तिला पाहायची होती.

तिचे वडील म्हणजे माझा मुलगा. मी मिळवून दिलेली शाळेतली नोकरी सोडून तो वनखात्यात नकाशे करायला गेला, तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. अकरा वर्षांपूर्वी तार आली. हिवताप डोक्यात गेला होता. मी गेलो नाही, घरातल्या कोणाला जाऊही दिले नाही. खात्याच्या शिपायाने अस्थी आणून दिल्या. रोहिणी तेव्हा आठ वर्षांची होती. यंदा ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही आला नाहीत तरी मी जाणार." मी माझे तिकीट काढले.

वर्ध्याला गाडी बदलली. बल्लारशाहच्या पॅसेंजरमध्ये बसायला जागा नव्हती. मुलांनी सॅक दाराशी रचल्या आणि त्यांवरच बसकण मारली. समोरच्या शेतकरी बाईंनी त्या ढिगाकडे बराच वेळ पाहिले.

"काऊन गा पोट्टेहो, घर मोडून निंगाले का?"

"फिरायला चाललोय, मावशी," श्रीधर म्हणाला. मंडळातला हा सर्वांत बोलका.

"फिराले? एवढं वझं घेऊन? आमचा बैल बी नाई म्हनन."

सारा डबा हसला. वरोऱ्याला उतरताना बाईंनी पिशवीतला हरभऱ्याचा टहाळ मुलांच्या मांडीवर टाकला. पुढे खिडकीच्या चौकटीवर कोळशाची काळी पूड बसू लागली. चंद्रपूर आले होते.

बल्लारशाहहून एस.टी.ने आलापल्लीला गेलो. तिथल्या खानावळीत जाड तांदळाचा भात आणि लाखोरीचे (तुरीपेक्षा स्वस्त अशा एका डाळीचे) वरण मिळाले. मुलांनी तिखटाबद्दल तक्रार केली आणि तिसऱ्यांदा वाढून घेतले. एटापल्लीला, रोहिणीने पत्राने कळवल्याप्रमाणे, नाकेदार (वनरक्षक) देवाजी वाट पाहत उभे होते. माझ्या मुलाच्या हाताखाली त्यांनी काम केले होते. त्यांनी मला नीट न्याहाळले.

"साहेबाचे बाबा तुमी? साहेब लय सांगत होते तुमचं, गुरुजी."

काय सांगत होता, हे मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायी निघालो. डावीकडे सूरजागडचे डोंगर सोबतीला होते. वाटेत श्रीधरच्या बुटाचा तळ सुटला. देवाजींनी तो पळसाच्या मुळाच्या दोरीने बांधून दिला. दुपारी एका माडिया आदिवासी गावाबाहेर, ओढ्याकाठी थांबलो. मोहाच्या झाडांखाली कितीतरी दगड उभे रोवलेले होते. काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याइतके, काही त्याहून लहान. देवाजी पाणी आणायला गेले होते. श्रीधरने दोन लहान दगड उपटले, तिसरा कुठून तरी आणला आणि चूल मांडली. खिचडी शिजू लागली.

धूर पाहून गावातून एक म्हातारा आला. खांद्यावर कुऱ्हाड, अंगावर पंचा. तो ओरडला नाही. त्याने पातेले उतरवले, विस्तवावर पाणी ओतले, आणि तापलेला एक दगड पानांत धरून उचलला. तेवढ्यात देवाजी धावत आले. दोघांचे माडिया बोलीत बोलणे झाले. देवाजींचा चेहरा उतरला.

"हे मेलेल्या मानसाचे दगड हायत, गुरुजी. एका मानसाचा एक. त्याच्या हातातला त्याच्या लेकीचा हाय."

"आम्हाला माहीत नव्हतं," श्रीधर पुटपुटला.

"विचारले होतेस?" मी म्हणालो.

त्याने दगड परत लावण्यासाठी हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो हात बाजूला सारला. दोन्ही दगड स्वतः रोवले, माती थापली. मग देवाजींनी त्याला मी कोण ते सांगितले. म्हाताऱ्याचे नाव लालसू. माझ्या मुलाला खांदा देणाऱ्यांत तो होता. त्याने ओढ्याच्या वरच्या अंगाला ऐनाच्या झाडाखालची जागा दाखवली. तिथे गवत होते. दुसरे काही नव्हते.

"बाबांचा दगड कुठाय?" रोहिणीने विचारले.

लालसू बराच वेळ बोलला. देवाजी गवताकडे पाहू लागले.

"सांगा," मी म्हणालो.

"तो म्हनते, लाकडं आमी देल्ली, आग आमी देल्ली. पन दगड घरच्यालेच मांडा लागते. एक साल वाट पायली, दोन साल पायली. तुमचं कोनी आलंच नाई. मंग आमी कसा मांडू?"

मी वाकून तिथले गवत उपटू लागलो.

"आता मांडला तर चालेल का?" रोहिणी म्हणाली.

लालसू गावात गेला. जाणत्यांशी बोलून परत यायला त्याला तासभर लागला. आला तो गावातल्या दोघांना आणि एक लांब बांबू घेऊन.

"आना म्हनते," देवाजी म्हणाले. "डोंगरातून. तुमच्या हातानं."

दगड रोहिणीने निवडला: गुडघ्याच्या वरपर्यंत येईल असा, काळसर, एका बाजूने सपाट. तो वेलींनी बांबूला बांधला. श्रीधर मागे रेंगाळत होता. लालसूने त्याला दंडाला धरून पुढे आणले आणि काहीतरी बोलला. त्याचे सोबती हसले.

"म्हनते, तू धर," देवाजींनी सांगितले. "दगड उचलाची सवय तुलेच हाय."

श्रीधरने मान खाली घालून बांबू खांद्यावर घेतला. त्याच्यामागे मी खांदा लावला.

"गुरुजी, तुमी राहू द्या," देवाजी म्हणाले. "उतार हाय."

"घरच्याने मांडायचा ना?"

ते बाजूला झाले. ओझे फारसे माझ्या वाट्याला आले नसावे. माझ्या वयाकडे पाहून मुलांनी ते आपल्याकडे ओढून घेतले होते. मी ते पाहिले आणि चालत राहिलो.

ऐनाखाली खड्डा तयार झाला. दगड आडवा ठेवला. तो उचलण्याआधी लालसूने माझ्याकडे बोट केले.

"कोनाचा हाय ते सांगा म्हनते," देवाजी म्हणाले. "बाप हाय तर बापानं नाव घ्यावं."

आमच्या घरात ते नाव अकरा वर्षे कोणी घेतले नव्हते. माझ्यासमोर तरी नाही.

"माधव," मी म्हणालो.

लालसूने कानामागे हात धरला. त्याला ऐकू आले नव्हते. मी पुन्हा, मोठ्याने म्हणालो. मग त्याने ते नाव उच्चारले, त्याच्या सोबत्यांनी उच्चारले, आणि रोहिणीने व मी दगड उभा केला. माती तिने लोटली. संध्याकाळी लालसूच्या अंगणात आम्हा सर्वांना जावा (तांदळाची पातळ पेज) मिळाला.

बल्लारशाहला मुले मद्रासच्या गाडीत बसली. रोहिणीही त्यांच्याबरोबर गेली. तिने जावे असे मीच सांगितले. मी एकटा परतलो.

घरी सुनेने, रोहिणीच्या आईने, पाण्याचा तांब्या पुढे केला. विचारले काही नाही. विचारायचे नाही, हे तिला मीच शिकवले होते. मी तिला जागा सांगितली: ओढा, ऐनाचे झाड, दगडाची उंची. माधवचे नाव घेऊन सांगितली. ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगा म्हणाली.

मुलांना प्रवासाचे फायदे मी वर्गात पुष्कळ वर्षे शिकवले. त्यांपैकी एकही इथे लागू पडत नाही. परक्या माणसांनी माझ्या मुलाला लाकडे दिली आणि माझी वाट पाहिली, एवढे मला कळले; ते घरी बसून कळले नसते. पुढल्या हिवाळ्यात सुनेला तिथे न्यायचे आहे. तिला चालणे जमेल. मला जमले नाही तर रोहिणीला वाट ठाऊक आहे.