टाकीत पाणी कुणी घातलं?

गाडी बंद पडली गास गावच्या रस्त्यावर आणि बोलणी बसली मला. मागे अळूच्या जुड्या, केळीच्या पानांचे भारे, वर ऊन चढतंय आणि इंजिन एक आचका देऊन जे गप्प झालं ते काही केल्या चालू होईना. मागून हॉर्नवर हॉर्न. एक रिक्षावाला जाता जाता ओरडलाच, "लेडीज है, लेडीज!" अस्सा संताप आला म्हणून सांगू!

नंदाखालच्या आमच्या वाडीचा माल मीच बाजारात नेते. आधीचा ड्रायव्हर सोडून गेला, नवरा नोकरीवर, थोरल्या दिरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी पिकअप चालवायला शिकले. आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं. घरात दिवसभर कुणी ना कुणी हाका मारत असतं. गाडीत मी माझी एकटी असते. दीर मात्र पहिल्या दिवसापासून कपाळाला आठी घालून. गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा अंगणात सगळ्यांदेखत म्हणाले, "आता अजून एकदा पडली तर किल्ली माझ्या मेहुण्याकडे." मेहुणा म्हणजे आमच्या जाऊबाईंचा भाऊ. राहतो मनवेलपाड्याला, लायसन खिशात आणि काम कुठेच नाही.

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी गाडी घेऊन तडक सोपाऱ्याच्या मेकॅनिककडे गेले.

तो म्हणाला, "ताई, चालती गाडी एकदम मेली म्हणजे एक तर करंट जातो, नाही तर डिझेल. बंद पडली तेव्हा लाइट चालू होते?" होते. इंजिन तापलं होतं? नव्हतं. ऑइल? भरलेलं. मग त्याने डिझेलच्या फिल्टरखालचा स्क्रू सैल केला आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं डिझेल सोडलं. बाटली उन्हात धरली. वर डिझेल, खाली स्वच्छ पाणी.

मला वाटलं, पंपवाल्यानेच फसवलं. टाकी धुऊन घेतली, पंप बदलला. थोड्याच दिवसांत बाटलीत पुन्हा पाणी. आता मात्र संशय घरातल्यांवरच आला, कारण टाकीच्या झाकणाला कुलूप होतं. पोरं डिझेल काढून नेतात म्हणून दिरांनीच ते नवं झाकण अलीकडे आणून बसवलं होतं आणि त्याची किल्ली त्यांच्या करगोट्याला. डिझेल भरायचं तर किल्ली मागून न्यायची, आल्यावर परत द्यायची. मग पाणी घालणार कोण? एक तर दीर स्वतः, नाही तर ज्यांना ती किल्ली झोपेतही काढून घेता येते त्या जाऊबाई. भावाची सोय करायला निघाल्यात, असं माझ्या मनाने पक्कं धरलं. जेवताना त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी माल भरून झाल्यावर मी सीटवर बसून राहिले आणि बाजूच्या आरशावर डोळा ठेवला. जाऊबाई बादली घेऊन आल्या आणि टाकीपाशीच थांबल्या. मी उडी मारून त्यांचं मनगट धरलं.

"कुणाच्या सांगण्यावरून पाणी घालता टाकीत?"

"अगं बये, टाकीत कुठे? गोणपाटावर मारतेय!" त्या ओरडल्या. मग मनगट सोडवून घेत म्हणाल्या, "भावाला काम मिळावं म्हणून मी घरच्या गाडीचा गळा दाबीन, असं वाटलं तुला?"

आमच्याकडे पानांवर पाणी मारल्याशिवाय गाडी हलत नाही. माल बाजारात ठिबकत पोचला पाहिजे, नाही तर गिऱ्हाईक नुसतं बोट लावून पुढे जातं. सासूबाईही असंच पानांवर ओलं गोणपाट टाकून बादली रिकामी करायच्या. आम्ही दोघी भांडत होतो आणि तेच पाणी गाडीच्या बाजूच्या फाळक्याच्या कडेवरून ओघळून सरळ टाकीच्या झाकणावर पडत होतं. मी झाकणाला हात लावला. कुलूप लागलेलं, तरी झाकण खुळखुळत होतं.

दिरांना हाक मारून कुलूप उघडायला लावलं. झाकण आतून ओलंचिंब, रबराची चकतीच नाही. जुनं झाकण खोलीत पडलं होतं, त्याला जाड रबर होतं. इतकी वर्षं पाणी बाहेरच्या बाहेर जात होतं.

मी म्हटलं, "दादा, कुलूप पोरांसाठी होतं, तर किल्ली माझ्याकडे का नाही ठेवलीत?"

त्यांनी हातातलं झाकण उलटसुलट केलं. मग पुटपुटले, "वाटलं, तू वाटेत डिझेल विकतेस."

मला भडभडून आलं. एवढ्या उन्हातान्हात माल नेला, आणि हे! त्यांनी गाडीची किल्ली माझ्याकडेच राहील म्हणून सांगितलं, चुकलं असंही म्हणाले. जुनं झाकण बसवलं, टाकी पुन्हा धुतली, फिल्टर बदलला. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

पण पुढच्या खेपेला जाऊबाई बादली घेऊन आल्या त्या गाडीपासून लांबच उभ्या राहिल्या.

"मारू का गं पाणी?"

एवढ्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मारा की, विचारता काय?" असं म्हणून मी सीटवर बसले, आणि आरशात बघायचं नाही असं ठरवलं. तरी बघितलंच.