रॅक बसवताना बाबांचा हात

अकोल्याच्या घरात मागच्या खोलीत मी स्टुडिओ मांडला, ती शेतीची फार वाईट वर्षं होती. लग्नं साधी होऊ लागली होती, ऑर्केस्ट्राला कोणी बोलावत नव्हतं. काम मिळायचं ते गावोगाव जीपवर भोंगा लावून शेतकऱ्यांना ऐकवायच्या गाण्यांचं : धीर सोडू नका, मनातलं कोणाजवळ तरी बोला, अशा अर्थाची गाणी. तसंच एक रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी होतं. हिवरखेडची एक बाई गाणार होती आणि तबल्यावर माझे वडील. त्यासाठी ते अमरावतीहून एसटीनं आले होते.

रॅकची लोखंडी चौकट भिंतीशी उभी होती, यंत्रं सतरंजीवर पसरलेली. दुपारी भारनियमनात लाइन जाणार हे ठरलेलंच. त्याआधी सगळं बसवून, वायरी जोडून एकदा आवाज ऐकायचा होता.

जड यंत्र खाली बसवायचं, नाहीतर रॅक पुढं कलंडतो. म्हणून आधी अॅम्प्लिफायर घेतला. मी मांडी घालून बसले, तो मांडीवर तोलला आणि चौकटीत सरकवून धरून ठेवला. बाबा स्क्रू लावायला वाकले.

पहिला स्क्रू भोकाला लागेचना. घसरला, खाली पडला. दुसरा घेतला, तोही पडला.

"काहून हालवून राहिली वं?" बाबा चिडले.

"मी कुठं हालवून राहिली, बाबा?"

"मंग हे हालते कसं?"

माझे हात भरून आले होते. भोक दाखवावं म्हणून मी एक हात सोडला आणि त्यांचं बोट धरलं. बोट थरथरत होतं. मी घट्ट धरलं तरी थांबेना.

"कवापासून?" मी विचारलं.

"झाले काही महिने. वाजवताना थांबते थरथर."

मी अॅम्प्लिफायर त्यांना धरायला दिला आणि स्क्रू स्वतः लावले. बाकीची यंत्रंही तशीच चढवली. लाइन गेली तेव्हा वायरी अर्ध्याच जोडून झाल्या होत्या. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेडफोन कानाला लावून मी गाणं कमी आणि त्यांचा उजवा हातच जास्त ऐकत होते. अर्धं गाणं नीट गेलं. लय वाढली आणि तबल्याचे बोल एकमेकांवर पडले. गाणारी बाई थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी मान खाली घातली.

बाबांनीच विचारलं, "बाई, सावकाश गाता येईल का? मी साधा ठेका धरतो."

"येते ना, बाबाजी. लोकायलेही समजन."

ती सावकाश गायली. तेच गाणं पुढं गावोगाव गेलं.

त्याच आठवड्यात मी त्यांना अमरावतीला डॉक्टरांकडं नेलं. गोळ्यांनी थरथर कमी झाली, गेली नाही. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मले ठाऊक हाय. मी त्याहिले चहा अर्धा कपच देतो आता."

त्यानंतर बाबांनी स्टुडिओत कधी तबला वाजवला नाही. घरी मात्र रोज सकाळी वाजवायचे, दार लावून. मी अमरावतीला माहेरी असले की बाहेर उभी राहून ऐकायची, आणि लय वाढू लागली की श्वास रोखायची.