पिंपात बुडवलेला फिशफाइंडर

माझा नवरा बुचांच्या कारखान्यात तपासनीस आहे. बाटल्यांची बुचं पट्ट्यावरून सरकत येतात आणि हा त्यातली सदोष तेवढी उचलून टोपलीत फेकतो. या कामाचा त्याला एवढा ताठा, की कारखाना जणू त्याच्याच दोन बोटांवर उभा आहे. तिथे सगळे त्याला ‘नापास’ म्हणतात आणि त्याला ते कौतुक वाटतं. घरीही तोच खाक्या. एकदा नवी छत्री आणली, ती न्हाणीघरात नळाखाली उघडून धरली आणि गळते म्हणून दुकानदाराच्या गळ्यात परत मारली. नळाच्या धारेखाली कुठली छत्री टिकते, हे विचारायची सोय नव्हती.

सासरे याच्या अगदी उलट. त्यांनी आयुष्यभर बॉयलर सांभाळला, समोर येईल ते खाल्लं, आणि सुट्टी मिळाली की गळ घेऊन डोंगरापलीकडचं सरोवर गाठलं. तिथे एक उंच कडा सरळ पाण्यात उतरतो. काठाला लागूनच पाणी इतकं खोल, की दोरी सोडत राहावी आणि ती जातच राहावी. बाबांना मासा मिळाला तर आनंद, नाही मिळाला तरी तेवढाच आनंद.

मग त्यांना काचबिंदू निघाला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं मला कुणी उलगडून सांगावं लागलं नाही. गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली कडांकडून बुजत जाते. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर मुलाकडे एकच गोष्ट मागितली.

“दिसतंय तोवर एकदा ते कड्याखालचं पाणी बघू दे मला.”

होडी तिथे भाड्याने मिळते, रस्ता चांगला आहे, पुढच्याच रविवारी जाऊन येता आलं असतं. पण नापासने त्यात मासा घुसवला. बाबांची ही शेवटची फेरी, ते रिकाम्या हातांनी परतता कामा नयेत, म्हणाला. उन्हाळ्यात मासे खोल जातात, तेव्हा फिशफाइंडर घेतल्याशिवाय जायचं नाही. हे यंत्र होडीखालून पाण्यात आवाज सोडतं आणि तळावरून, माशांवरून जो आवाज परत येतो त्याचं चित्र पडद्यावर काढतं.

त्यानंतर आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय निघाला नाही. बारीक आवाजाचं यंत्र चित्र रेखीव काढतं, पण खोल पाण्यात त्याचा दम तुटतो. जाड आवाज तळापर्यंत पोचतो, पण चित्र पुसट. झोत रुंद असला तर खोलवर सगळी खिचडी होते, अरुंद असला तर शेजारून गेलेला मासा कळत नाही. हे सगळं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा. बाबा मान डोलवत ऐकायचे. ऐकता ऐकता पेल्याच्या बाहेर पाणी ओतायचे. मी गुपचूप टेबल पुसायचे.

अखेर एक यंत्र आलं. आता तरी निघू, असं मला वाटलं. पण तपासल्याशिवाय वस्तू वापरायची तर हा नापास कसला? त्याने न्हाणीघरातलं पिंप काठोकाठ भरलं, यंत्राचं पाण्यातलं टोक त्यात सोडलं आणि मासा म्हणून खाली कालथा धरला. पडद्यावर नुसत्या रेघा लुकलुकल्या. ना तळ, ना मासा. यंत्र परत गेलं. मी म्हटलं, सरोवरावरच नेऊन बघ की, बाबांनाही घेऊन जा. तर म्हणे, न तपासलेला माल बाबांच्या फेरीला नेऊ? शितावरून भाताची परीक्षा करतात हे ऐकलं होतं, पिंपावरून सरोवराची करणारा हा पहिलाच.

दुसऱ्या यंत्राचीही तीच गत झाली. पुन्हा वाचन, पुन्हा चौकशा, पुन्हा आज नको उद्या. तिसरं परत करायला निघाला तेव्हा दुकानदाराचाच फोन आला. तपासता कुठे, असं त्याने विचारलं. नवऱ्याने मोठ्या अभिमानाने पिंपाचं सांगितलं. त्यावर दुकानदार म्हणाला,

“साहेब, पिंपाचा तळ इतका जवळ, की आवाज जायच्या आत परत येतो. हे खोक्यावरच लिहिलंय.”

अक्षर फार बारीक आहे, असं म्हणून नवऱ्याने फोन ठेवला. गंमत म्हणजे हे तिसरं यंत्र पहिल्याच्याच जातीचं होतं. डोंगर पोखरून उंदीर काढला, तोही आधी सोडून दिलेला.

तोवर दोन उन्हाळे सरले होते आणि बाबांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. मी नवऱ्याला ते सरळ तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, पडदा मुद्दाम मोठा घेतलाय, रंगही भडक आहेत, बाबांना दिसेल. अशा माणसाशी काय बोलायचं?

आम्ही गेलो. होडीत बाबा मध्ये बसले, मी त्यांच्या डाव्या बाजूला दंड धरून. कड्याची सावली अंगावर आली तशी त्यांनी मान वर केली. मग वाकून पाण्यात हात घातला आणि विचारलं, “पाणी कसं दिसतंय रे आज?”

“एकशे वीस फूट,” नवरा मान न उचलता म्हणाला. “तळाला दगड आहे.”

बाबांनी हात बाहेर काढून गुडघ्याला पुसला. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगायला लागले, की काठाला हिरवं आहे, मग एकदम काळं होतं. तेवढ्यात नवऱ्याने यंत्राचा पडदा उचलून बाबांच्या उजव्या बाजूने पुढे धरला.

“बघा बाबा, हा खालचा मासा बघा केवढा मोठा आहे.”

बाबांनी तोंड माझ्याकडे वळवलं. त्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे लागले होते.

“हो रे, दिसतोय की,” ते म्हणाले. “चांगलं निवडलंस.”

नवऱ्याला ते खरं वाटलं. परतीच्या वाटेवर त्याने मला दोनदा सांगितलं, बघ, बाबांना दिसलं.