एका आडनावाचे दोन मास्तर

आमच्या वर्तमानपत्रात गेलेल्यांचं खातं मावशीकडे होतं. मावशी माझी नव्हे, अख्ख्या कचेरीची. गावातल्या जरा ओळखीच्या माणसांचं आयुष्य ती पाच-सहा ओळींत आधीच कार्डावर लिहून ठेवायची, ऐनवेळी धावपळ नको म्हणून. गावात आडनावं मोजकीच, एकेका आडनावाची वीस-वीस माणसं. त्यामुळे तिचा नियम कडक: स्वतः घरी फोन करून खात्री केल्याशिवाय एक ओळ छापायची नाही. मी नवीन असताना एका जिवंत कंत्राटदाराला वर पाठवलं होतं. तेव्हा तिने सगळ्यांदेखत मला असं झाडलं की आठवडाभर मान वर करायची सोय राहिली नाही. बाई फटकळच. रडताना मात्र तिला कोणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी पावणेतीनला आमच्या बातमीदाराचा इस्पितळातून फोन आला. आडनाव सांगितलं, गणिताचे निवृत्त मास्तर, सत्तरीचे, सकाळी गेले, आणि फोन तुटला. परत लावला तर बंद. पान चारला सोडायचं होतं.

मावशीने दोन कार्डं काढून टेबलावर ठेवली. आडनाव एकच, दोघेही गणिताचे मास्तर, दोघेही सत्तरीचे. एक नदीपलीकडच्या शाळेतले. दुसरा तिचा सख्खा थोरला भाऊ.

भावाबहिणीत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा दादाने बहिणीला कळवलंच नाही, निधनाचा मजकूर मात्र वेळेवर पेपरकडे धाडला. स्वतःची आई गेल्याचं मावशीला याच टेबलावर, इतरांच्या मजकुरांच्या गठ्ठ्यात कळलं. तिने तो तपासला, छापायला दिला आणि भावाचं नाव घेणं सोडलं. मला विचाराल तर दादाचं चुकलंच, आणि हिनेही फार ताणलं.

"मी करू का फोन?" मी विचारलं.

"गप बस."

नदीपलीकडच्या घरी तिने तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा एंगेज. सव्वातीन झाले. दुसरा नंबर तिला तोंडपाठ होता, पण बोट आकड्यांपर्यंत जाई आणि मागे येई. साडेतीनला तिने एका दमात नंबर लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलेना. मावशीने डोळे मिटून घेतले.

मग पलीकडे कोणीतरी खोकलं. आवाज इतका खणखणीत की मलाही ऐकू आला.

"कोण?"

मावशीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"अहो, कोण बोलतंय? ... चिमे, तू आहेस का?"

"दादा," ती म्हणाली, "जिवंत आहेस?"

"आहे की! का गं?"

"काही नाही. रविवारी येते."

तिने फोन ठेवला आणि चक्क हसली. मोठ्याने हसली. मग समोरच्या दुसऱ्या कार्डाकडे तिचं लक्ष गेलं आणि चेहरा उतरला.

चाराला दहा कमी असताना नदीपलीकडचा फोन लागला. मास्तरांच्या मुलीने उचलला. मावशीचे प्रश्न ठरलेले असायचे, पण पहिलाच विचारताना तिला रडू कोसळलं. काही केल्या आवरेना. शेवटी ती मुलगीच तिची समजूत काढू लागली.

"रडू नका हो. बाबांना त्रास नाही झाला. तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी का?"

"हो," मावशी म्हणाली.