आत्तोबांची चौकशी

माझ्या आत्तोबांनी ज्याला एकही प्रश्न विचारला नाही असा माणूस तंजावुरात असलाच, तर तो एकतर पाळण्यात असणार किंवा नुकताच गावात उतरलेला असणार, आणि या दुसऱ्या जातीच्या माणसाला ते फार काळ तसं राहू देत नसत. आत्तोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्त्याचे यजमान. आमची घरं एकाच गल्लीत होती, राजवाड्याच्या मागच्या अंगाला. त्यामुळे माझं सगळं बालपण आणि नंतरची कॉलेजची वर्षं त्यांच्या प्रश्नांच्या माऱ्याखाली गेली. सकाळी मी त्यांच्या ओट्यावरून पुढे जात असलो की पहिला प्रश्न येई, कोठे निघालास. त्याचं उत्तर दिलं की कशास, मग कोणाबरोबर, मग त्या कोणाचे वडील काय करतात, आणि ते तिरुचीला नोकरीला असतील तर रोज येऊन जाऊन करतात की तिथेच बिऱ्हाड आहे. माझ्या पहिल्या तासाच्या प्राध्यापकांनी मला उशिराचं कारण विचारणं शेवटी सोडून दिलं होतं.

पण एक सांगायला हवं. त्यांच्या चौकशीत खोच नव्हती. मिळालेली माहिती त्यांनी कधी दुसऱ्याच्या कानावर घातली नाही, तिचा कधी उपयोग करून घेतला नाही. लहान मूल ज्या चेहऱ्याने मुंग्यांची रांग बघतं, त्या चेहऱ्याने ते माणसांकडे बघत. मोठ्या देवळातल्या हत्तीच्या माहुताला त्यांनी एकदा विचारलं की या हत्तीला आईची आठवण येते काय. माहूत आधी हसला, मग विचारात पडला, मग तिथेच दगडी पायरीवर बसून त्याने हत्तीची आणि स्वतःच्या आईची अशी सगळी हकिगत सांगितली. बाजारात एकदा खिसा कापणारा सापडला. लोक त्याला बडवत असताना आत्तोबा गर्दीत शिरून विचारत होते की हे काम शिकलास कोणाकडे, आणि पहिल्यांदा केलंस तेव्हा हात थरथरला काय. तो प्रश्न ऐकून मारणाऱ्यांचेच हात थांबले, कारण उत्तर सगळ्यांनाच ऐकायचं होतं. दात काढायला गेले तर तोंडात कापूस असतानाही ते भुवया उंचावून काहीतरी विचारत राहिले, आणि डॉक्टरने म्हणे अंदाजाने उत्तरं दिली. आत्त्या म्हणायची, यांना कढीलिंब आणायला धाडलें तर कढीलिंब विसरून येतात, पण विकणारीच्या नातवंडांची नांवें घेऊन येतात.

नोकरी म्हणाल तर त्यांनी बरीच वर्षं एका सहकारी भांडाराचं गोदाम सांभाळलं होतं. पुढे दिवस बदलले. रस्त्यावर रंगीत दूरदर्शन संचांच्या जाहिराती आल्या, छपरांवर केबलच्या तारा आल्या, लोकांना भांडारातलं जाडंभरडं कापड नकोसं झालं आणि भांडार बंद पडलं. बंद पडलं ते पडलं, वर त्याची सरकारी चौकशी लागली. मालाचा मेळ बसत नव्हता म्हणून जुन्या कारकुनांना एकेक करून बोलावू लागले. आत्तोबांचा त्यात काही संबंध नव्हता. त्यांना एकदा बोलावलं, आणि त्यांनीच अधिकाऱ्याला इतके प्रश्न विचारले की पुन्हा बोलावलं नाही. पण गल्लीच्या मनात ती धास्ती राहिली.

मग मद्रासच्या एका कंपनीने आमच्या गावात फ्रिज आणि टीव्हीचं दुकान काढलं. काचेची दारं, आत गार हवा, आणि दारातल्या माणसाला टोपी. तिथे आत्तोबांना, पन्नाशीला टेकलेल्या माणसाला, गोदामाचं काम मिळालं, आणि त्याबरोबर एक असं काम मिळालं की ते त्यांच्यासाठीच काढलं असावं. विकलेला फ्रिज नीट चालतो की नाही हे गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बघायचं. म्हणजे जिल्ह्यातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात शिरायची आणि विचारायची परवानगी, वर कंपनीचा टाय. एरवी लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसणारा हा माणूस पँट घालून, गळ्यात निळा टाय लटकवून निघाला की गल्लीतली सगळी दारं उघडत. आत्त्या ओट्यावर उभी राहून ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राही. एरवी ती उन्हात उभी राहणारी बाई नव्हती. एका घरचा फ्रिज बघायला गेले ते संध्याकाळी परतले; फ्रिज उत्तम होता, पण सासूसुनेचं बोलणं बंद होतं आणि त्याचं मूळ शोधायला वेळ लागला. मॅनेजर रागावला नाही. त्या घरातून पुढे टीव्हीचीही मागणी आली.

हे सुख काही महिने टिकलं. एका दुपारी मॅनेजरने त्यांना आत बोलावलं. मॅनेजर कोइंबत्तूरकडचा तरुण मुलगा होता, आत्तोबांवर जीव असलेला. त्याने मान खाली घालून सांगितलं की नव्या माणसांची माहिती खरी आहे की नाही हे कंपनी बाहेरच्या एजन्सीकडून तपासून घेते, आणि आत्तोबांच्या बाबतीत उत्तर आलं आहे की या नावाचा माणूस दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. आजूबाजूलाही कोणी ओळखत नाही. पत्ता खोटा, म्हणून नोकरी रद्द.

आत्तोबांना वाटलं थट्टा आहे. त्यांनी विचारलं, “मग आता तुमच्यासमोर कोण बसलाय?”

“सार, मला तुम्ही दिसता,” मॅनेजर म्हणाला. “मद्रासला दिसत नाही.”

टाय तिथेच काढून ठेवून ते घरी आले. ज्याला आख्खं गाव ओळखतं, त्याला त्याच्याच गल्लीत कोणी ओळखत नाही, हे ऐकून मला हसू आलं होतं. पण आत्तोबांचं तोंड बघितलं आणि ते विरलं. गावात कुजबूज व्हायची ती झालीच. काचेच्या दुकानातून माणूस काढतात म्हणजे त्याने काहीतरी केलंच असणार, असं देवळाच्या रांगेतसुद्धा लोक बोलले. ते आत्तोबांना लागलं असेल, पण त्याहून भयंकर गोष्ट अशी झाली की त्यांनी विचारणं सोडलं. मी ओट्यावरून पुढे गेलो, त्यांनी वर बघितलं, आणि कोठे निघालास म्हणून विचारलं नाही. समोरच्या घरी भलं मोठं लाकडी खोकं उतरलं, त्यात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. आत्त्याने एक दिवस सारात मीठ घातलं नाही. चुकून की मुद्दाम ते मला माहीत नाही. ते त्यांनी मुकाट्याने भातावर घेऊन खाल्लं. त्या दिवशी ती आमच्याकडे येऊन माझ्या आईजवळ रडली. तिला त्यांच्या नोकरीपेक्षा त्या न विचारण्याचीच भीती वाटत होती, आणि आणखीही कशाची तरी, ते आम्हाला तेव्हा कळलं नाही.

शेवटी त्यांना ओट्यावरून उठवलं ते त्यांच्या स्वभावानेच. एका सकाळी मी दिसताच ते म्हणाले, “त्या एजन्सीवाल्यानें कोणाला विचारलें असेल रे?” मला इतका आनंद झाला की मी कॉलेजला गेलोच नाही.

आम्ही दोघं निघालो. कोपऱ्यावर चिंचेखाली इस्त्रीची गाडी लावणारा माणूस होता. आत्तोबांनी त्याला विचारलं की मधे कोणी परका माणूस बॅग घेऊन आला होता काय. तो इस्त्री खाली ठेवून म्हणाला की आला होता, तुमचं पूर्ण नाव घेऊन विचारत होता, किती वर्षं राहतात, पोलिसांची काही भानगड आहे काय, आधीची नोकरी का सुटली. मला वाटलं भांडाराच्या चौकशीचाच माणूस, तुम्हाला न्यायला आलाय. म्हणून मी म्हटलं, असा कोणी इथे नाही. पलीकडच्या वीणा शिकवणाऱ्या मामींनी तर आणखी पुढे जाऊन सांगितलं होतं की या गल्लीत मराठी बोलणारं एकही घर नाही. हे सांगताना त्या स्वतःवरच खूश होत्या. चहावाल्याने त्याला चुकीची बस दाखवून ओरत्तनाडूला पाठवून दिलं होतं. सगळ्यांनी मिळून, मनापासून, आत्तोबांना वाचवलं होतं. आत्तोबा प्रत्येकाचं ऐकताना रागावले नाहीत; उलट तो कसा दिसत होता, छत्री होती काय, तामिळ मद्रासचं बोलत होता की मदुरेचं, हे विचारत राहिले. त्यांच्या गालांवर रंग परत येत होता. फक्त एक गोष्ट तिघांच्याही बोलण्यात होती. सुरुवात आमची नव्हती, तुमच्या घरून आधी तसं उत्तर गेलेलं आम्ही ऐकलं, तेच पुढे चालवलं.

आम्ही घरी आलो. आत्त्या मागच्या पडवीत केळफूल निवडत बसली होती. आत्तोबा तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिने हातातली पाकळी खाली ठेवली.

“मींच सांगितलें,” ती म्हणाली. “असा माणूस इथें राहत नाही म्हणून. मजला वाटलें तुम्हांला घेऊन जातील.”

मी दारातून परत फिरणार होतो. माझ्या वडिलांचं असं काही झालं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आत्तोबांनी केळफुलाची एक पाकळी उचलली आणि विचारलं, “त्यावर तो काय म्हणाला?”

“दोरीवर शर्ट कोणाचें वाळतें म्हणून विचारला. भाडेकऱ्याचें म्हटलें.”

“आणि भाडेकऱ्याचें नांव विचारला नाही?”

“नाही.”

आत्तोबा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते नुसत्या हसण्याचं नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं. “इतका कच्चा माणूस,” ते म्हणत राहिले, “शर्ट बघितला आणि नांव विचारला नाही.” आत्त्याने पदराने त्यांचे डोळे पुसले आणि आपलेही पुसले. संध्याकाळी तिने केळफुलाची उसळ केली. त्यात मीठ जरा जास्त झालंय, कोणत्या विचारात होतीस, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिने त्यांच्या पानात ती आणखी वाढली.

त्या कच्च्या माणसाला शोधून काढणं आत्तोबांना मुळीच जड गेलं नाही. तो मद्रासहून अधूनमधून येई आणि जुन्या बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये उतरे. पुढच्या खेपेला आत्तोबा त्याला घरी जेवायलाच घेऊन आले. उन्हाने करपलेला, पोट बिघडलेला, दिवसभर टाउन बसमधून अनोळखी दारं वाजवत फिरणारा बापडा माणूस होता. आत्त्याला बघताच त्याने ओळखलं आणि घाबरत विचारलं की भाडेकरू कोण. आत्त्याने आत्तोबांकडे बोट दाखवलं. त्याने चूक कबूल केली, कंपनीला तसं कळवलंही. पण तिथे एव्हाना दुसरा माणूस टाय बांधून कामाला लागला होता, आणि काचेचं दार आत्तोबांसाठी पुन्हा उघडलं नाही. मॅनेजर स्वतः घरी येऊन सांगून गेला. आत्तोबांनी त्याचं लग्न कधी आहे ते विचारून घेतलं.

मात्र ताक पिता पिता त्या मद्रासवाल्याला आत्तोबांनी त्याच्या धंद्याबद्दल इतकं विचारलं, आणि कुठे काय विचारायला हवं होतं हे इतक्या मायेने सांगितलं, की जाताना तोच म्हणाला, या जिल्ह्याचं काम तुम्हीच करा, मला या उन्हातून सोडवा. अशा रीतीने, चौकशीत नापास झालेले माझे आत्तोबा चौकशीवाले झाले. ती नव्या कंपन्यांची वर्षं होती. बंगळूरला, मद्रासला आमच्याकडची पोरं भराभर नोकरीला लागत होती, आणि त्या प्रत्येकाच्या घरी आत्तोबा छत्री घेऊन पोचत. एजन्सीला त्यांच्या उत्तरांचा त्रास होई. पत्ता बरोबर आहे एवढंच हवं असताना मुलगा वांगं खात नाही, आजीचा लाडका आहे आणि गर्दीत त्याला घाबरायला होतं, तेव्हा सुरुवातीला सांभाळून घ्यावं, असं सगळं ते लिहून पाठवत. एक मात्र त्यांनी कधीच लिहिलं नाही, की असा माणूस इथे राहत नाही. दार बंद मिळालं तर ते शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून राहत. गल्ली नाही म्हणाली तर ते हसून विचारत, तुम्हाला कशाची भीती वाटते. मग खरं बाहेर येई.

पुढे एजन्सीचं काम टेलिफोनवर होऊ लागलं आणि आत्तोबांना कोणी कळवेनासं झालं. तरी ते त्या घरांना जातच राहिले. आज आत्त्याही नाही आणि तेही नाहीत, पण त्या दिवसांत त्यांच्याबरोबर केलेली एक फेरी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी पुण्याहून सुट्टीवर आलो होतो. ते मला तिरुवैयारुला घेऊन गेले, नदीकाठच्या एका घरी. तिथला एकुलता एक मुलगा त्यांच्या चौकशीतून पार पडून बंगळूरला लागला होता, आणि तिथून आता परदेशी गेला होता. घरात दोघंच म्हातारी माणसं. म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं. म्हातारीने आम्हाला काफी दिली आणि आत्तोबा विचारू लागले. तो तिथे काय खातो, कपडे कोण धुतं, बोलायला कोणी आहे काय, लहानपणी पोहायला कोणी शिकवलं. म्हातारी सांगत गेली. एकेका उत्तरासाठी ती आत जाऊन काही ना काही घेऊन येत होती, एक चेंडू, एक जुनी चप्पल. ऊन ओट्यावरून उतरलं तरी तिचं संपत नव्हतं.

आम्ही निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. “कंपनी अजून विचारते काय त्याच्याबद्दल?” तिने आत्तोबांना विचारलं.

आत्तोबा छत्री उघडत होते. ती अर्धीच ठेवून ते तिच्याकडे वळले.

“विचारते तर,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यातही विचारील.”

म्हातारीने मान हलवली. तो शाळेतून पळून देवळात जाऊन झोपल्याची एक हकिगत ती सांगायला लागली होती, ती तिने अर्ध्यावरच थांबवली, पुढच्या महिन्यासाठी ठेवली, आणि फाटक लोटून घेतलं.